समुद्रमेथीचा पेस्टो

पेस्टो म्हणजे कच्ची पानं, बिया, चीज आणि तेल एकत्र वाटून केलेला इटालियन प्रकार. तो बेसिलचाच (म्हणजे तुळशीच्या कुळातल्या एका पानाचा), बाकी सगळ्या हिरव्या चटण्या, असं ठणकावून सांगणारं कुणी भेटलं की मी त्यांना १८६३ सालात घेऊन जाते. त्या वर्षी इटलीतल्या जिनोवात जोव्हान्नी बात्तिस्ता रात्तो यांचं 'ला कुचिनिएरा जेनोवेझे' हे पाककृतींचं पुस्तक निघालं. पेस्टोच्या सगळ्यात जुन्या छापील कृतींमध्ये त्यातल्या कृतीचं नाव घेतात. ती अशी: लसणीची एक पाकळी घ्या, बेसिल घ्या, ते नसेल तर मरवा आणि पार्सली घ्या. किसलेलं डच चीज आणि पार्मेझान एकत्र करा, पाइनच्या बिया घाला, जरासं लोणी घालून सगळं खलात कुटा आणि मग चांगल्या तेलात सढळ हाताने सैल करा.

लोणी आणि डच चीज वाचून आजचा जिनोवाकर कपाळाला हात लावेल. पण जिनोवा हे बंदराचं गाव. दूरच्या जहाजातून आलेलं टिकाऊ चीज तिथल्या फडताळात असायचंच. मला जास्त भावतं ते बेसिल नसेल तर मरवा घ्या असं सहज सांगून टाकणं. मरवा म्हणजे आपला गजऱ्यातला मरवा, अबोलीच्या वळेसराला हिरवी किनार देणारा. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, गजरा वाटून खातात की काय तिकडे?" खातात. आणि छान लागतो. मरव्याची चार-सहा पानं कोथिंबिरीत वाटून बघा. मात्र फुलवाल्याकडचा मरवा घेऊ नका, त्यावर काय फवारलंय ते फुलवाल्यालाही ठाऊक नसतं. कुंडीतला घ्या.

आज मात्र जिनोवात असा मोकळेपणा नाही. सात जिन्नस ठरलेले: जिनोवाचं बेसिल, जिनोवा ज्या प्रांतात आहे त्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरचं ऑलिव्ह तेल, पाइनच्या बिया, पार्मेझान, सार्डिनिया बेटावरचं मेंढीच्या दुधाचं चीज, लसूण (तीही शक्यतो व्हेसालिको गावची) आणि जाडं मीठ. तिथल्या बेसिलला २००५ साली युरोपीय संघाचं नावाचं संरक्षण मिळालं, आपल्याकडे हापूसला भौगोलिक मानांकन आहे तसंच. २००७ पासून दर दोन वर्षांनी जिनोवाच्या दुकाले राजवाड्यातल्या भव्य सभागृहात पेस्टोची जागतिक स्पर्धा भरते. शंभर स्पर्धक, संगमरवरी खल, लाकडी बत्ता आणि चाळीस मिनिटं. मिक्सर अर्थातच बाहेर.

या स्पर्धेच्या कृतीतलं प्रमाण मला फार शिकवून गेलं. बेसिलची पानं साठ-सत्तर ग्रॅम, पाइनच्या बिया तीस ग्रॅम, तेल साठ ते ऐंशी मिलिलिटर आणि दोन्ही चीज मिळून जवळजवळ पानांच्या वजनाइतकं, कधी त्याहून जास्तच. आपण घरी करताना पानं भांडंभर घेतो, चीज चिमूटभर भुरभुरवतो आणि मग म्हणतो, हॉटेलसारखा नाही झाला. कसा होईल?

पण त्या सगळ्या नियमावलीत खरी गोष्ट एकच आहे आणि ती सात जिन्नसांच्या यादीत दिसत नाही. ती पानाच्या वयाची. जिनोवाच्या पश्चिम टोकाला प्रा नावाचा भाग आहे. डोंगरउतारावर काचघरं, खाली समुद्र आणि मालवाहू जहाजांचा मोठा धक्का. तिथे बेसिलचं रोप वीतभरसुद्धा वाढू देत नाहीत. मोजकी पानं फुटली की मुळासकट उपटतात आणि जुड्या बांधून विकतात. कारण पान जून झालं की त्यात पुदिन्याची झाक येते, आणि जिनोवाच्या माणसाला ती अजिबात चालत नाही.

हे वाचलं आणि मला आमच्या ठाण्यातल्या भाजीवाल्या मावशींची पाटी आठवली. समुद्रमेथी! मुंबई परिसरातल्या वाचकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. किनाऱ्याकडच्या वाळूच्या वाफ्यांत मेथी दाट पेरतात, दोन-चार पानं आली की मुळासकट उपटतात आणि बोटाएवढ्या चिमुकल्या जुड्या करून विकतात. बारीक मेथी म्हणा, वाळूतली मेथी म्हणा. तिचा कडवटपणा मोठ्या मेथीसारखा जिभेवर ठाण मांडून बसत नाही, येतो आणि जातो. दोन किनारे, दोन पानं, पण कोवळेपणी मुळासकट उपटण्याची अक्कल एकच. "ताई, वाळू आहे हां, दोन-तीन पाण्यात काढा," मावशी दर वेळी बजावतात. दोन-तीन नाही, पाणी तळाशी स्वच्छ दिसेपर्यंत. पेस्टोत वाळूचा एक कण दाताखाली आला की बाकी सगळी मेहनत वाया.

"म्हणजे चटणीच ना शेवटी?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. दिसायला चटणीच. पण वागणूक वेगळी. आपली हिरवी चटणी आंबट आणि तिखट असते, ती ताटाच्या डाव्या बाजूला बसते आणि बोटाच्या टोकाने खाल्ली जाते. तिचं काम बाकीच्या जेवणाला डिवचायचं. पेस्टोत मिरची नाही, लिंबू नाही. स्निग्ध आणि खारट. तो ताटाच्या कडेला बसत नाही, सगळ्या अन्नावर पसरतो. चटणीत मिरची आणि लिंबू मिळून पानाची बरीच झाकपाक करतात. पेस्टोत पानाला लपायला जागा नसते. पान जून असेल, शिळं असेल, देठ जास्त असतील, तर पहिल्या घासाला कळतं.

म्हणूनच मला हा प्रकार धरून ठेवावासा वाटला. आपण पालेभाज्या खाणारी माणसं, पण पान आपल्याला भेटतं ते बहुतेक वेळा शिजलेलं. लसणीच्या फोडणीवर परतलेलं, डाळीत घोटलेलं, ताकात पळीवाढं केलेलं. कच्चं पान खाण्याची चाल आपल्याकडे नाही असं नाही. कोथिंबीर आहेच, कांद्याची पात आहे, मुळ्याचा कोवळा पाला आहे. खानदेश-मराठवाड्याकडचा घोळाणा आहे: कोवळी मेथी किंवा पात बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल. घोळाण्याकडे नीट बघितलं तर पान, दाणे, तेल, मीठ सगळं आहे. चीज तेवढं नाही. पण एकूण पाहता कच्च्या पानाची चव आपल्या जिभेच्या थोडी कडेलाच राहिलेली आहे. मेथीची भाजी मी लहानपणापासून खात आले, पण मेथीला ओल्या गवताचा, किंचित गोडसर असा वास असतो हे मला पेस्टो करायला लागल्यावर कळलं. फोडणीत तो वास पहिल्याच मिनिटाला उडून जातो.

तेव्हा कोणतं पान चालतं? माझा कल स्पष्ट आहे. समुद्रमेथीच्या दोन मुठींना एक मूठ कोथिंबीर, आणि त्यात थंडीच्या दिवसांत मिळणाऱ्या ओल्या लसणीची पात. लसणीची कुडी वेगळी घालायची गरज नाही, पात पुरते, आणि तोंडाला दुसऱ्या दिवसापर्यंत वास राहत नाही. नुसत्या कोथिंबिरीचाही उत्तम होतो, पण घरातले सगळे त्यात मिरची शोधत राहतात. मुळ्याचा कोवळा पाला जरा केसाळ, तो गरम पाण्यातून काढावा लागतो, मग मात्र मोहरीसारखी झणक देतो. गाजराचा पाला, जो भाजीवाले आपल्यादेखत मोडून टाकतात, तो पार्सलीचाच नातलग. मागून घ्या, कोणी पैसे लावत नाही. पालक रंगाला चांगला, चवीला भिडस्त. शिवाय कच्च्या पालकाने दात खरखरतात, ते त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे. उकळत्या पाण्यात बुडवून, ते पाणी फेकून, पान घट्ट पिळून घेतलं की खरखर कमी होते. अंबाडी आणि चुका आंबट, ते आपल्या जागी डाळीतच बरे. शेवग्याचा कोवळा पाला थोडा घालून पाहावा. पुदिना पानाला पान मोजून, नाहीतर टूथपेस्ट.

तुळस? लोक विचारतात, कारण बेसिल तिच्याच कुळातलं. सब्जाचं झाड तर वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने बेसिलचंच भावंड. सब्ज्याची कोवळी पानं मिळाली तर पेस्टो होतो, वास मात्र जास्त उग्र असतो. तुळशीत लवंगेसारखा जो दर्प आहे तो पेस्टोत एकटाच बोलायला लागतो. चवीचं हे कारण झालं. दुसरं कारण असं की तुळशीचं पान खुडून खलात घालताना आमच्या घरात माझ्याकडे जे बघितलं जाईल त्याची मला कल्पना आहे.

एक मर्यादा मात्र मी पाळते. ज्या पानाला आपल्या आज्या-पणज्यांनी कधी कच्चं तोंडी लावलं नाही, ते मीही लावत नाही. अळू कच्चं खाल्लं तर घसा धरतो, त्यात सुईसारखे स्फटिक असतात. पावसाळ्यातल्या टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी या रानभाज्या शिजवण्यासाठी आहेत. लिगुरियातसुद्धा डोंगरातून वेचून आणलेल्या रानपाल्याचं मिश्रण असतं, त्याला प्रेबोज्जोन म्हणतात. तो पाला उकडून पास्त्याच्या पुरणात भरतात आणि वरून अक्रोडाचा सॉस देतात. खलात कच्चा जात नाही. शेतातल्या आणि रानातल्या पानाला वेगवेगळी वागणूक द्यायची हे दोन्हीकडच्या बायकांना न सांगता कळलेलं दिसतं.

आता खल. जिनोवाचा खल पांढऱ्या संगमरवराचा, त्याला चार कान. एका हाताने बत्ता फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने कान धरून खल उलट दिशेने सरकवायचा. म्हणजे तिथे धपाधप कुटणं नसतं, भिंतीला घासणं असतं. जाडं मीठ त्यात खरकागदाचं काम करतं. आधी लसूण आणि बिया लोण्यासारख्या होईपर्यंत, मग मीठ आणि पानं थोडी थोडी, मग चीज, आणि तेल सगळ्यात शेवटी. आपला लोखंडी किंवा पितळी खलबत्ता वेलची-सुंठीसाठी ठीक, पानांसाठी अरुंद पडतो. त्यापेक्षा पाटा-वरवंटा कितीतरी चांगला, कारण त्याचीही चाल घासण्याचीच. आईकडचा पाटा अजून आहे. त्यावर केलेला पेस्टो दाणेदार होतो, त्यात पानाचा तुकडा आणि तेल वेगवेगळे जाणवतात. मिक्सरमधला एकजीव, क्रीमसारखा. ज्यांना पाटा जड वाटतो त्यांनी मिक्सर वापरावा, त्यात पाप नाही. फक्त मिक्सर कसा बिघडवतो ते ठाऊक असावं.

पातं पान कापतं आणि तापतंही. पान फाटलं की त्यातलं एक विकर हवेतल्या ऑक्सिजनशी हातमिळवणी करतं आणि हिरवं काळपट होऊ लागतं, कापलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं त्याच कारणाने. उष्णता त्याला घाई करते. म्हणून मिक्सरचं भांडं आधी फ्रीजमध्ये ठेवायचं, थांबून थांबून फिरवायचं, हवं तर बर्फाचा एक लहान खडा टाकायचा. रंग फारच जपायचा असेल तर पानं उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची. ते विकर निकामी होतं आणि पेस्टो दुसऱ्या दिवशीही पोपटी राहतो. पण वासाचा काही भाग त्या पाण्यातच जातो. मी रंग सोडते, वास ठेवते. पाहुणे असतील तर उलट.

लिंबाचा मोह मात्र आवरायचा. आंबटाने सफरचंद काळं पडत नाही म्हणून पेस्टोही हिरवा राहील असं वाटतं, पण आम्ल हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतं आणि पोपटी रंगाचा शेवाळी होतो. गंमत म्हणजे जिनोवाच्या पूर्वेला, रेक्को गावाच्या बाजूला, पेस्टोत प्रेशिन्सेउआ नावाचं ताजं, किंचित आंबट चीज घालतात. आपला चक्का त्याच्या बराच जवळ जाईल. म्हणजे तिथल्या तिथेही मतं फुटलेली आहेतच. उग्र पानांच्या पेस्टोत एक चमचा चक्का मला आवडतो. तो खाण्याच्या वेळी मिसळायचा.

तेलाबद्दल एक. चांगलं ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये जोरात फिरवलं तर कडू होतं. त्यातली कडवट द्रव्यं एरवी तेलात गुपचूप असतात, पात्याने तेलाचे बारीक थेंब झाले की ती जिभेला सापडतात. मेथीत आधीच कडू, त्यात हे. तेल चमच्यानेच कालवावं. शेंगदाण्याचं घाणीचं तेल घातलं तर चालतं का? चालतं, फक्त मग ते घोळाण्याच्या गावाला पोचतं, आणि ते गाव काही वाईट नाही.

पाइनच्या बियांना पर्याय म्हणून किन्नौरचा चिलगोजा आहे, पण त्याचा भाव विचारून परत ठेवावा असाच. मेथीला काजू हवा, त्याचा गोडवा कडूला सावरतो. कोथिंबिरीला अक्रोड. मेथीत अक्रोड नको, त्याच्या सालीचा कडवटपणा मेथीच्या कडवटपणाला जाऊन मिळतो. चीजबद्दल शाकाहारी घरांनी एक लक्षात ठेवावं: अस्सल पार्मेझान, म्हणजे इटलीतलं पार्मिजानो रेज्जानो, नियमाने वासराच्या जठरातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्यानेच, लावलं जातं. आपल्याकडे वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवी रेनेटची कडक चीज मिळतात, वेष्टनावर हिरवा ठिपका बघून घ्यावीत. आमच्याकडे तीच येतात.

हे सगळं वाटणाचं प्रकरण रात्तोच्या कितीतरी आधीचं आहे. लॅटिनमध्ये 'मोरेतुम' नावाची एक छोटी जुनी कविता आहे, पूर्वी ती रोमन कवी व्हर्जिलची समजत. सिमुलुस नावाचा एक गरीब शेतकरी हिवाळ्याच्या पहाटे उठतो, दळण दळतो, परसातून लसूण उपटून आणतो आणि खलात चीज, मीठ आणि पानांबरोबर घासत बसतो. लसणीच्या झारेने त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, तो करवादतो, हाताने डोळे पुसतो, पुन्हा बत्ता फिरवतो. हळूहळू सगळे रंग एकमेकांत जातात. शेवटी तेलाचे थेंब, थोडा शिरका, आणि बोटाने खल निपटून गोळा. त्याची पानं कोणती? सेलरीच्या जातीचं एक, सताप आणि कोथिंबीर. बेसिलचं नाव नाही. सताप आपल्या जुन्या घरांच्या परसात लहान मुलांच्या औषधासाठी असायची, तिचा वास ज्याला आठवतो त्याला त्या गोळ्याच्या चवीची कल्पना येईल. मला ती खाण्याचं धाडस नाही. पण पहाटे उठून भाकरीबरोबर खायला पानं ठेचणारा, डोळे चोळणारा तो माणूस मला अगदी आपल्याकडचा वाटतो.

जपायची एक गोष्ट आहे आणि ती गंभीर आहे. लोणच्याच्या सवयीने आपल्याला वाटतं की वर तेल आलं की टिकतं. लोणच्यात मीठ आणि आंबट असतं म्हणून ते टिकतं. पेस्टोत दोन्ही बेताचं. कच्ची लसूण तेलाखाली, हवेशिवाय, घरातल्या उबेत राहिली तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांचं विष वासाने किंवा चवीने ओळखू येत नाही. २०२४ साली फ्रान्समध्ये रानलसणीच्या छोट्या उत्पादकाने केलेल्या पेस्टोमुळे माणसं अत्यवस्थ झाली होती. तेव्हा बरणी ओट्यावर नाही. केला की फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचा. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवायचा. गोठवताना चीज घालत नाही, ते खाताना ताजं किसून.

आणि पेस्टो शिजवायचा नाही. कढईत तेलावर परतला की तो पेस्टो उरत नाही. जिनोवात पास्ता उकळतानाच त्या पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबी टाकतात. सगळं एकत्र निथळायचं, पिठूळ पाणी पळीभर राखून ठेवायचं, आच बंद केलेल्या भांड्यात पेस्टो आणि ते पाणी घालून ढवळायचं. बटाटा थोडा विरघळतो आणि पेस्टोला धरून ठेवतो. पास्ता आणि बटाटा एका ताटात बघून आमच्याकडे प्रथम हसू झालं, पण पोळीत बटाट्याची भाजी गुंडाळून खाणाऱ्यांनी हसू नये.

आईला पास्ता फारसा मानवत नाही. ती समुद्रमेथीचा पेस्टो गरम ज्वारीच्या भाकरीला लावते, वर कच्चा कांदा घेते आणि म्हणते, चीज जरा कमी घातलंस तर आणखी बरं होईल. तिच्या वाटीत मी कमी घालते. माझ्या वाटीत पानांच्या वजनाइतकं.